‘सोडलं’ म्हणालं कोण?

१

"दोर कुठे गेला?"

कप्तान इतक्या जोरात ओरडला, की काचवाल्याने दचकून आपल्या काचांनाच मिठी मारली. आम्ही सगळे पुढच्या भागात सामान हलवत होतो, ते टाकून मागे धावलो. धावलो म्हणजे काय, लाँच एका अंगाला कललेली होती, तेव्हा कठडा धरून खेकड्यासारखे सरकत गेलो. मागचा लोखंडी खुंटा नुसता उभा होता. सकाळपासून त्याला वेढे घालून बसलेला मनगटाएवढा डांबरी दोर त्याच्यावर नव्हता.

"गेला म्हणजे?" मी विचारलं.

"गेला म्हणजे गेला! पाण्यात गेला! आणि त्याच्याबरोबर मी पण गेलो!" कप्तानाने डोक्याला हात लावला आणि तिथेच बसकण मारली.

सकाळी भरती उतरायला लागली तेव्हा आमची लाँच पलीकडच्या धक्क्याकडे निघाली होती आणि धक्का हाकेच्या अंतरावर असताना वाळूच्या पट्टीत घुसली. नाक वाळूत, शेपूट पाण्यात. धक्क्यावरच्या बाकड्यांवर बसून लोक आमच्याकडे बघत होते, त्यातले काही तर आपापले डबे उघडून निवांत जेवत बघत होते. आम्हाला मात्र उतरायची सोय नव्हती. धक्का आणि आमच्यामध्ये असा चिखल पसरला होता, की माणसाला चालायला जमीन नाही आणि होडीला तरंगायला पाणी नाही. किनारा दिसतोय, तिथल्या माणसाची शिंकसुद्धा ऐकू येतेय, आणि आपण जागचे हलू शकत नाही, याच्याइतका चीड आणणारा प्रकार दुसरा नाही. मी तर सकाळपासून तीन वेळा अक्काशी भांडून घेतलं होतं.

कप्तानाने एक केलं होतं. छोट्या होडीतून नांगर नेऊन मागच्या खोल पाण्यात टाकला होता आणि त्याच्या दोराचं टोक या खुंट्यावर आणलं होतं. संध्याकाळी भरती चढली, की इंजिन उलटं चालवायचं, सगळ्यांनी मिळून दोर ओढायचा आणि लाँच जशी घुसली तशी मागे काढायची.

"आजची भरती मोठी आहे," कप्तान म्हणाला. त्याचा आवाज आता खाली आला होता. "उद्यापासून पाणी रोज कमी कमी चढणार. आज निघाली नाही तर पंधरा दिवस इथेच. आणि हिची फळी जुनी आहे हो. पंधरा दिवस लाटांनी आपटली तर लाकडं गोळा करायला यायचं मी."

माझी अक्का एवढा वेळ खुंट्याजवळ उभी होती. ती वाकली, खुंट्यावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेलं काळं डांबर बघितलं आणि ते माझ्याच रुमालाला पुसलं.

"दोर तुटलेला नाही," ती म्हणाली. "तुटला असता तर एखादा तुकडा राहिला असता. कुणीतरी सोडलाय. आणि तो कुणीतरी अजून इथेच आहे, कारण जाणार कुठे?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मोजून सात माणसं होतो.

२

अक्काचा उभा जन्म कोर्टात चोरांची बाजू मांडण्यात गेला. निवृत्त झाल्यापासून तिला चोर मिळत नाहीत, म्हणून ती घरात माझ्यावर सराव करते. मी शाळेत भाषा शिकवायचो. तिच्या मते व्याकरण शिकवणारा माणूस हा संसारात निरुपयोगी असतो, आणि हे ती चारचौघांत सांगते.

"बाई, कोणी सोडला ते मला नंतर सांगा," कप्तान म्हणाला. "आधी कधी सोडला ते सांगा. पाणी वळायच्या आधी सोडला असेल तर ओहोटीने तो समुद्राकडे ओढला जाऊन पडला असणार. वळल्यानंतर सोडला असेल तर आत, खाडीकडे. होडी घेऊन गळ टाकत फिरलो तर सापडेल, पण एकाच बाजूला फिरायला वेळ आहे. दुसरी बाजू बघेपर्यंत भरती येऊन जाईल."

म्हणजे नुसता चोर पकडून भागणार नव्हतं. चोराची वेळ पकडायची होती.

पहिला नंबर मिस्त्रीचा लागला. मिस्त्री म्हणजे इंजिन सांभाळणारा, आणि कप्तानाचा मेहुणा. तो तेलकट हात पुसत वर आला.

"दोर तुझ्या ताब्यात होता ना?" कप्तान त्याच्यावर धावून गेला.

"होता, दाजी. लाँच कलत होती तोवर मी टोक धरून बसलो होतो, लागेल तसा ढिला देत होतो. मग इंजिन बघायला खाली जायचं होतं म्हणून पक्की गाठ मारली आणि गेलो. तेव्हा ओहोटीच होती. त्यानंतर लगेचच कुणीतरी सोडला असणार."

"गाठ कसली?" अक्काने विचारलं.

"कसली म्हणजे? पक्की."

"बरं," अक्का म्हणाली. तिचं ‘बरं’ मी ओळखतो. त्यात बरं असं काही नसतं.

काचवाल्याला बोलावण्याची गरज पडली नाही, तो स्वतःच रडत आला. त्याच्याजवळ खिडक्यांच्या मोठाल्या काचा होत्या, गोणपाटात गुंडाळलेल्या. लाँच वाळूत घुसली तेव्हा एक तडकली होती आणि दोर ओढताना पुन्हा हिसका बसेल म्हणून तो सकाळपासून सगळ्यांच्या विनवण्या करत होता.

"मला माहितीये, तुमचा संशय माझ्यावर आहे," तो म्हणाला. "मी म्हटलं होतं, नका ओढू. पण मी काचा सोडून कुठे गेलो का? विचारा यांना! मला लघवीला जायचंय, तरी गेलेलो नाही!"

हे खरं होतं. अक्काने त्याला ताबडतोब मोकळं केलं आणि काचांजवळ मला उभं केलं.

मग उरले दोघेच. एक साधारण पंचेचाळिशीचा मुलगा आणि त्याचे वडील. मुलगा त्यांना अण्णा म्हणायचा, म्हणून आम्हीही अण्णा म्हणायला लागलो होतो. सकाळी तिकीट काढताना मी त्या मुलाला सहज विचारलं होतं, पलीकडे कुठे? तो माझ्याकडे न बघता म्हणाला होता, "अण्णांना सोडायला चाललोय. वृद्धाश्रमात." अण्णांच्या मांडीवर कपड्यांची पिशवी होती आणि ते पाण्याकडे बघत होते. मला तेव्हाच उगीच विचारलं असं झालं.

सामान हलवायला सगळे पुढे गेले तेव्हा अण्णा मागच्या बाकावर बसून राहिले होते. खुंट्यापासून हातभर अंतरावर. आणि लाँच इथेच अडकून राहावी असं ज्याला मनापासून वाटावं, असा माणूस या बोटीवर एकच होता.

कप्तानाच्याही ते डोक्यात आलं. तो अण्णांकडे वळला.

"आजोबा," तो म्हणाला, "खरं सांगा."

३

"मोठ्याने बोला," मुलगा पटकन मध्ये आला. "त्यांना ऐकू कमी येतं. आणि त्यांना कशाला विचारताय? त्यांना काय कळतंय यातलं!"

अण्णांनी शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली होती. एवढ्या उकाड्यात शाल. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मला तर ते खूश वाटले, आणि या लाँचवर तेव्हा खूश असायला काही कारण नव्हतं.

अक्का त्यांच्या शेजारी बसली. पिशवीतून संत्रं काढून तिने पुढे केलं. "घ्या अण्णा."

"नको."

"पाणी?"

"नको, ताई."

ओठ कोरडे पडले होते त्यांचे. मी आधीही पाणी दिलं होतं, तेव्हा ‘तूच पाज रे बाबा’ म्हणून त्यांनी माझ्याच हातून दोन घोट घेतले होते. मला वाटलं होतं, म्हातारपणाचे लाड.

"अण्णा," अक्का त्यांच्या कानाशी म्हणाली, "हात बघू."

त्यांनी मान हलवली. अक्काने हळूच शाल बाजूला केली. त्यांचे दोन्ही तळवे सोलवटून निघाले होते आणि त्यात डांबराचे काळे पट्टे होते.

"सापडला!" कप्तान ओरडला.

"ओरडू नका. सापडलंय ते वेगळंच आहे," अक्का म्हणाली आणि मिस्त्रीकडे वळली. "गाठ सोडणाऱ्याचे तळवे असे होतात का रे? गाठ सोडली तर फार तर नखं दुखतील. ताणलेला दोर हातातून सरसर निघून गेला तर तळवे असे सोलतात. म्हणजे यांनी दोर धरलेला होता. आणि धरलेला होता म्हणजे गाठ मारलेलीच नव्हती. तू खाली जाताना टोक यांच्या हातात दिलंस."

मिस्त्रीचा चेहरा पडला. त्याने कप्तानाकडे बघितलं नाही.

"दोन मिनिटांसाठी दिलं होतं हो. इंजिनमध्ये पाणी शिरत होतं. म्हटलं, आजोबा रिकामेच बसलेत. मी म्हटलं, कुणी सांगितल्याशिवाय सोडू नका. दाजींना कळलं असतं तर दाजींनी मला..."

"मग दाजी आता काय करणारेत तुझं?" कप्तान म्हणाला.

"पण मी ऐकलंय!" मिस्त्री घाईघाईने म्हणाला. "मी खाली होतो आणि वरून आवाज आला, ‘सोड! सोड आता!’ मला वाटलं, दाजीच सांगतायत. मी म्हटलं, चला, दाजींनी बघितलं वाटतं."

"मी पुढे होतो," कप्तान म्हणाला. "मी कशाला सांगेन?"

"मग आवाज कुणाचा होता?" अक्काने विचारलं.

मिस्त्रीने तेलकट बोट उचललं आणि सरळ मुलाकडे रोखलं.

४

"हो," मुलगा म्हणाला. "मीच. दोर मीच सोडला. अण्णांचा काही संबंध नाही."

कप्तानाने त्याची कॉलर धरली. मी मध्ये पडलो, कारण लाँच कलली होती आणि ते दोघे घसरत माझ्यावरच येत होते. अक्का जागची हलली नाही.

"कधी सोडलास?"

"मगाशी."

"पाणी वळायच्या आधी की नंतर?"

त्याने आधी पाण्याकडे बघितलं, मग अण्णांकडे.

"हात दाखव."

त्याचे तळवे स्वच्छ होते. डांबराचा एक ठिपका नव्हता.

"खोटं बोलायलासुद्धा थोडी माहिती लागते," अक्का म्हणाली. "मिस्त्री, तू नक्की काय ऐकलंस? शब्दाला शब्द सांग. तुझ्या मनचं घालू नकोस."

मिस्त्रीने डोळे मिटले. "आधी म्हणाला, ‘सोडलं’. मग थोडं थांबून, ‘सोडलं गं, नीट सोडलं’. आणि मग चिडून, ‘सोड, सोड आता!’"

आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या निरुपयोगी विद्येला भाव आला.

"थांबा," मी म्हणालो. "दोर असेल तर ‘सोडला’ म्हणेल. बोट असेल तर ‘सोडली’. ‘सोडलं’ कधी म्हणतो आपण? माणसाबद्दल! ‘मुलाला शाळेत सोडलं’, ‘पाहुण्यांना स्टेशनवर सोडलं’. माणसाला ‘ला’ नाहीतर ‘ना’ लागला, की क्रियापद..."

"आता शाळा भरवू नकोस," अक्का म्हणाली, पण तिचे डोळे चमकले होते. "बरोबर आहे याचं. आणि ‘गं’ कुणाला? या बोटीवर बाई मी एकटी, आणि मला ‘गं’ म्हणायची याची हिंमत नाही. म्हणजे हा दोराशी बोलत नव्हता आणि आपल्यापैकी कुणाशीच बोलत नव्हता. हा फोनवर होता."

मुलाचा हात नकळत खिशाकडे गेला.

"कुणाला सोडलं?" अक्काने विचारलं. या वेळी तिचा आवाज कोर्टातला नव्हता. "कुणाला सोडलं म्हणून सांगत होतास?"

तो खाली बसला. एवढा मोठा माणूस, पण शाळेत छडी खाल्लेल्या पोरासारखा बसला.

"ताईशी बोलत होतो," तो म्हणाला. "माझी बहीण. सकाळपासून फोन करतेय. अण्णांना तिथे सोडू नकोस, मी येते, मी नेते माझ्याकडे. दोन खोल्यांत तिची चार माणसं राहतात. आणि लोक काय म्हणतील? मुलाने काढलं आणि मुलीने सांभाळलं? म्हणून मी थाप मारली. म्हटलं, अण्णांना सोडलं, नीट सोडलं. ती रडायला लागली. मला ते ऐकवेना. मी म्हटलं, सोड, सोड आता तो विषय. तुमच्यातून सटकून मागे आलो होतो, रेंज नव्हती म्हणून ओरडत होतो. फोन ठेवून वळलो तर खुंट्यावर दोर नाही, आणि अण्णा माझ्याकडे बघून हसतायत. मला वाटलं, यांना जायचं नाही म्हणून यांनीच मुद्दाम... मग मी काय सांगणार होतो तुम्हाला?"

"फोन," कप्तान म्हणाला. "किती वाजता केला होता, ते दाखव आधी."

कप्तानाने फोनवरची वेळ बघितली, मग पाण्याकडे बघितलं, मग हिशोब जुळल्यासारखा ताडकन उठला. "वळलं होतं! तेव्हा पाणी वळलं होतं! दोर आत पडलाय, खाडीकडे! आणि या गाढवाचं ऐकून मी बाहेर शोधत बसलो असतो! चल, होडी काढ!"

मेहुणे-दाजी गळ घेऊन होडीत उतरले. आम्ही वर उरलो. आणि अण्णांना यातलं काय ऐकू आलं होतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

५

"अण्णा," अक्का मोठ्याने म्हणाली, "दोर का सोडलात?"

"का म्हणजे?" अण्णा म्हणाले. "हा म्हणाला, सोड. सोडला."

"मी तुम्हाला नव्हतो म्हणत, अण्णा!"

"ते आता कळलं." त्यांनी आपल्या तळव्यांकडे बघितलं. "तेव्हा वाटलं, मलाच सांगतोयस. पाठ करून उभा होतास. मला वाटलं, तोंडावर सांगायला लाजतोय. दोर सोडला की बोट राहील इथेच, बोट राहिली की जायचं राहील. म्हटलं, पोराचा विचार बदलला."

काचवाल्यानेही नाक ओढायचं थांबवलं.

"म्हणून मी गप्प होतो," अण्णा म्हणाले. "हात दाखवले असते तर तुझं नाव सांगावं लागलं असतं. कप्तान तुला बोलला असता."

तेव्हापासून दोघं एकमेकांना वाचवत बसले होते आणि त्यापायी आम्ही सगळे बुडणार होतो. मला राग यायला हवा होता. मला रडू आलं, आणि ते लपवायलाही त्या लाँचवर जागा नव्हती.

मुलाने वडिलांचे हात हातात घेतले. मग सोडले. मग पुन्हा घेतले. शेवटी त्याने खिशातून फोन काढला आणि आमच्यासमोर नंबर लावला.

"ताई, मी बोलतोय. ऐक आधी. मी खोटं बोललो. अण्णा माझ्याजवळ आहेत. हो, आत्ता. नाही, रडू नकोस. ये तू. धक्क्यावर ये."

तेवढ्यात होडीतून आरोळी आली. मिस्त्री उभा राहून नाचत होता, होडी उलटायची भीती नसल्यासारखा. गळाला दोर लागला होता.

पाणी चढत होतं. दोर पुन्हा खुंट्यावर आला, इंजिन धडधडायला लागलं आणि आम्ही सगळे रांगेत उभे राहून ओढू लागलो. कप्तान, मुलगा, मी. काचवालासुद्धा आला, काचा देवाच्या हवाली करून. अण्णांना अक्काने बाकावरच बसवून ठेवलं. पहिल्यांदा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा लाँच कण्हली. माझी कंबर आता माझी राहिलेली नव्हती. मग मोठी लाट खालून आली, लाँच सरळ झाली आणि आम्ही सगळे एकमेकांच्या अंगावर उताणे पडलो. कप्तान तसाच पडल्या पडल्या हसत सुटला.

६

धक्क्याला लागलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बाकड्यावरची माणसं उठून आली, कारण दिवसभर फुकट करमणूक केलेल्या माणसांना जवळून बघायचं होतं. काचवाला सगळ्यांना ढकलत आधी मुतारीकडे पळाला. मिस्त्री मान खाली घालून कप्तानाच्या शिव्या खात दोर गुंडाळत होता.

गर्दीतून एक गणवेशातला ड्रायव्हर पुढे आला. त्याच्या गाडीवर वृद्धाश्रमाचं नाव होतं.

"नवीन आजोबा कोण?" त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता अण्णांच्या पिशवीला हात घातला. "सकाळपासून थांबलोय. चला, बाबा."

अण्णा उठले. मुलाच्या तोंडाकडे न बघताच उठले. एवढं सगळं होऊनही, कुणी चला म्हटलं की उठायचं, इतकी त्यांची सवय पक्की झाली होती. मला ते बघवेना.

मुलाने पिशवी परत घेतली. "ते येत नाहीयेत," तो हळू म्हणाला.

"काय म्हणाला?" अण्णांनी विचारलं.

मुलाने आजूबाजूला बघितलं. अख्खा धक्का बघत होता. लोक काय म्हणतील म्हणून दिवसभर तोंड लपवून बोलणारा माणूस तो. त्याने खोल श्वास घेतला.

"तुम्ही जात नाही, अण्णा!" तो ओरडला. "मी चुकलो! ताई येतेय! ती येईपर्यंत मी इथे थांबणार आहे, आणि मग आपण तिघं मिळून ठरवू, कुठे राहायचं ते! तुम्हाला विचारून ठरवू!"

ड्रायव्हर दोन पावलं मागे सरकला. बाकड्यावरच्या एका बाईने पदर डोळ्यांना लावला.

अण्णांनी सगळं ऐकलं होतं. मी शपथेवर सांगतो, कारण त्यांचे डोळे ‘जात नाही’ला वाहायला लागले होते. तरी त्यांनी कानामागे तो सोलवटलेला हात धरला आणि मुलाकडे वाकून म्हणाले, "पुन्हा सांग."

मुलाने पुन्हा सांगितलं.